बधिर झालेली शाब्ली

नोव्हेंबर अर्धा सरला की एका सकाळी सूनबाई एसी बंद करते आणि बाल्कनीचं दार सताड उघडते. दुबईतल्या आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये हिवाळा लागतो तो त्या दिवशी, कॅलेंडर काय वाटेल ते म्हणो. सात-आठ महिने बाहेर ठेवलेले आवाज एकदम घरात येतात. खालच्या ग्रोसरीचं शटर, शेजारच्यांचा कुकर, कुणीतरी फोनवर मल्याळीत घातलेला वाद. मी खुर्ची दारात ओढून बसतो आणि कुणी काही विचारू नये अशी अपेक्षा करतो.

याच दिवसांत आमच्या सनाची परीक्षा येते. सना माझी नात, हॉटेल मॅनेजमेंट शिकते. यंदा ती हातात वही घेऊन बाल्कनीत येरझाऱ्या घालत होती. "चॅब्लिस. फ्रेंच. ड्राय व्हाइट. ऑयस्टर्स, ग्रिल्ड फिश, गोट चीज. चॅब्लिस, फ्रेंच, ड्राय व्हाइट..."

"शाब्ली," मी म्हटलं.

"व्हॉट, दादा?"

"शेवटचा स म्हणायचा नसतो. शाब्ली. आणि त्या माशाला मसाला नको, नाहीतर तिचा जीव जातो."

"हाऊ डू यू नो? यू डोन्ट इव्हन ड्रिंक!"

स्वयंपाकघरातून सूनबाई हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली. पाच वेळचा नमाजी सासरा, वय पंच्याऐंशी, तोंडात फ्रेंच दारूचं नाव, तेही शुद्ध. सनाने लगेच विषय पैशावर नेला. कुठल्याशा हॉटेलात सहा ऑयस्टर्सना एकशेवीस दिरहॅम पडतात म्हणे. "म्हणजे पावणेतीन हजार रुपये!" सूनबाई म्हणाली. "कालवांना? आमच्याकडे बायका फुकट खरवडून आणतात." मी सांगितलं, "पूर्वी कामाला होतो तिथे असायची ती बाटली." आणि गप्प झालो. एवढंच सांगून गप्प व्हायची मला जुनी सवय आहे.

पोरीला न चाखता पाठ करावं लागतंय याची मला गंमत वाटली. मीही न चाखताच शिकलो होतो.

साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा हा देश देश झाला नव्हता. खाडीच्या या बाजूला बर दुबई, त्या बाजूला देरा, मधे ये-जा करणाऱ्या लाकडी होड्या, अब्रा, आणि बाकी सगळी वाळू. बाजारात आपलेच रुपये चालायचे, फक्त छपाई निराळी. मी रत्नागिरीकडचा, चोविशीतला, एका ब्रिटिश बँकेच्या मॅनेजरच्या बंगल्यावर खानसामा. साहेब उंच आणि अबोल, मडम बुटकी आणि बोलकी. परवान्यावर त्यांच्या घरी दारूची खोकी यायची. पिणं हराम आणि दुसऱ्याला ओतून देणंही हराम, हे मला ठाऊक होतं. घरी खाणारी तोंडं किती हेही ठाऊक होतं. अल्लासमोर याचा हिशेब द्यायचा तो मी देईन, तो मी कुणावर ढकललेला नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी मोठाच पराक्रम केला. मडम म्हणाली, "इस्माईल, शुक्रवारी पाहुणे आहेत. ड्राय व्हाइट काढणार आहोत. ड्रायबरोबर जाईल असं काहीतरी कर." ड्राय म्हणजे सुकं, एवढं इंग्रजी मला येत होतं. सुक्याबरोबर सुकंच जाणार, यात विचारायचं काय? घरून आणलेले सुके बोंबील होते. ते निखाऱ्यावर खरपूस भाजले, ठेचले, त्यात कांदा, ओलं खोबरं आणि तिखट घातलं आणि चांदीच्या बशीतून नेऊन मधोमध ठेवलं. वास पोचायला अर्धं मिनिट लागलं. एक बाई रुमाल नाकाला लावून व्हरांड्यात गेली, तिच्यामागे दुसरी. माझा अबोल साहेब टेबलावर डोकं टेकून हसत होता. मग त्याने मला समजावलं की वाइनमध्ये ड्राय म्हणजे जी गोड नाही ती. म्हणजे जे गोड नाही ते सगळं सुकं! मी मान डोलावली, पण मनातून हे मला आजही पटलेलं नाही.

ही हकीकत मी माझ्या बायकोला, झुबेदाला, पत्रात लिहिली. तिचं उत्तर आलं. अक्षर मोठं आणि वाकडं, शाई जागोजाग फुटलेली. "गोऱ्यांची दारू सुकी असते म्हणजे काय? पावसाळ्यासाठी ती पण अंगणात वाळत घालतात का? कावळे बसत असतील." ते पत्र मी बरेच दिवस वरच्या खिशात ठेवून फिरत होतो.

शाब्ली मला पहिल्यांदा भेटली ती धुवायच्या ग्लासात. तळाशी चमचाभर राहिली होती, फिकट, हिरवट झाक असलेली. ओतून द्यायच्या आधी खानसाम्याचं नाक आपोआप पुढे गेलं. दारूचा भपका येईल असं वाटलं होतं. आला तो ओल्या कातळाचा वास. ओहोटीला पाणी मागे हटतं, खडक उघडे पडतात, त्यांवर ऊन नुकतंच पडायला लागलेलं असतं, तेव्हाचा. त्याच्या मागे लिंबाची साल आणि कच्चं हिरवं सफरचंद. आमच्या किनाऱ्यावर बायका त्या वेळी कालवं काढायला जातात. छोट्या लोखंडी टोचणीने खडकावरचं शिंपलं फोडायचं आणि आतलं मांस वाडग्यात काढायचं. झुबेदा त्यात पटाईत होती. परत आली की तिच्या हातांना दिवसभर तोच वास असायचा, साबण लावा नाहीतर चिंच लावा.

मग मी नाकाने शिकत गेलो. कुठल्या जेवणानंतर ग्लास रिकामे येतात आणि कुठल्या जेवणानंतर अर्धे, हे बघायचं. मिरची असली की ग्लास अर्धे येत. हळद जास्त झाली तरी तेच. साहेब म्हणायचा, "ही हळू बोलणारी वाइन आहे, तुझी मिरची ओरडते." लोण्यात परतलेला हमूर मासा, वर लिंबाचे चार थेंब, की बाटली संपलीच. उकडलेल्या कोलंबीबरोबर चाले. मलईतल्या कोंबडीबरोबर तर फार छान. बकरीच्या दुधाचं चीज डब्यातून यायचं, त्याचा वास मला सोसत नसे, पण जोडी जमायची. आंबटाला आंबट चालतं हा माझा स्वतःचा शोध. सायीसारख्या पहिल्या नारळाच्या दुधात मासा शिजवायचा, तिखट मुळीच नाही, आलं-मीठ आणि आमसुलाचं पाणी जपून. मडमने त्याला काहीतरी फ्रेंच नाव देऊन टाकलं होतं आणि पाहुण्यांना ती आपली रेसिपी म्हणून सांगायची. मला वाईट वाटत नसे. तेव्हा मला वाईट वाटण्यासारखं काही झालंच नव्हतं.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलतोय तो तिसरा. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात मी महिनाभर रजेवर गावी जाऊन आलो होतो. ऑक्टोबर संपताना बोटीने वडिलांचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. झुबेदा जुलैत बाळंतपणात गेली होती. मुलगी जगली होती. चाळीसावा झाला, फातेहा झाला, सगळं रीतसर झालं आणि मग त्यांनी पत्र घातलं. आधी कळवून तू तिथे काय करणार होतास, असं लिहिलं होतं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त माझ्या दुःखाची सगळी मुदत माझ्या नकळत संपून गेली होती. गावात लोक पुन्हा हसायला लागले असतील, आणि मी इथे खुर्चीवर उभा राहून मडमच्या पडद्याच्या कड्या अडकवत होतो.

पत्राच्या दुसऱ्या पानावर खरा मुद्दा होता. झुबेदाची थोरली बहीण रुकय्या, लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाळाला तिने छातीशी धरलं ते खाली ठेवलं नव्हतं. ती मुलगी मागत होती. अट एकच. मुलीला दोन घरं नकोत. ती रुकय्यालाच आई म्हणेल, तिच्या नवऱ्यालाच बाप, आणि हे कुणी कधी तिला सांगायचं नाही. "पुढल्या बोटीने जबाब धाड," वडिलांनी लिहिलं होतं. "मंजूर असेल तर मंजूर म्हण. नसेल तर येऊन तुझी पोर घेऊन जा."

मी रडलो नाही. याची लाज वाटते म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतो. पत्र घडी करून ठेवलं आणि रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलले. दुसऱ्या दिवशी मीठ कळेना. मडम म्हणाली, "सूप खारट आहे." त्याच्या दुसऱ्या दिवशी अळणी. जीभ होती, बोलत होती, गरम-गार ओळखत होती, पण चव तिला सोडून गेली होती. नाकही तसंच. कांदा जळला तरी धूर दिसल्यावर कळायचं. मी मापाने रांधायला लागलो, इतकं पाणी तर इतके चमचे. घरात कुणाला सांगितलं नाही. साहेबाला सांगितलं असतं तर त्याने खुर्ची पुढे ओढली असती, मडमने हात धरला असता, आणि मग मला काहीतरी वाटून घ्यावं लागलं असतं.

अशात मडमने जाहीर केलं की शुक्रवारी दुपारी जेवायला एक फ्रेंच इंजिनियर येतोय. समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजावरचा. त्यानेच शाब्लीचं अख्खं खोकं पाठवलं होतं. "इस्माईल, फ्रेंच माणूस आहे. बोंबील नकोत हं," ती म्हणाली आणि हसली. मीही हसल्यासारखं केलं. मी म्हटलं, "कालवं देऊ." ती म्हणाली, "इथे कुठली?"

साहेबाचा ड्रायव्हर सालेम रास अल खैमाकडचा होता. त्याच्या गावाच्या पलीकडे डोंगर थेट समुद्रात उतरतात, तिथे खडकांवर ती आहेत हे त्यानेच मला पूर्वी कधी सांगितलं होतं. गुरुवारी पहाटे लँडरोव्हर काढून आम्ही गेलो. रस्ता नव्हताच, ओहोटीची ओली वाळू हाच रस्ता. सालेम आमच्या मोडक्या हिंदीत सारखा विचारत होता, "ये पत्थर का क्या करेगा? अंदर मोती नहीं है, हबीबी." मी म्हटलं, "खाएगा." "कच्चा?" "कच्चा." त्याने स्टिअरिंगवर हात आपटला आणि म्हणाला, "अंग्रेज लोग खलास है."

खडकांवर पाणी उतरत होतं. मी टोचणी घेऊन वाकलो. पहिलं शिंपलं फुटलं, आत तो राखाडी मांसाचा गोळा, कडेला काळी किनार. हात पार भिजले, बोट कापलं. मी ओंजळ नाकाशी नेली. वास आला नाही. मी खूप जोरात श्वास घेतला. समोर तो खडक होता, तीच ओहोटी होती, माझ्या हातात कालव होतं आणि मला कशाचाच वास येत नव्हता. सालेमने वरून हाक मारली, "यल्ला, इस्माईल, पानी वापस आता है!" मी आणखी तीन डझन काढली. काम चोख केलं मी त्या दिवसांत, कुणी नावं ठेवली नाहीत.

शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आलो आणि पानं मांडली. बर्फाच्या चुऱ्यावर कालवं, बाजूला लिंबाच्या फोडी. मागून नारळाच्या दुधातला हमूर आणि पांढरा भात. रश्श्यातलं मीठ मी सालेमला चाखायला लावलं. त्याने बोट बुडवलं, चोखलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाला, "नमक बस. तुम बीमार है?" मी नाही म्हटलं.

शाब्ली मी आदल्या दिवशी दुपारपासून फ्रिजच्या तळाशी ठेवली होती. जितकी थंड तितकी चांगली असं मला वाटायचं, इथल्या उन्हात दुसरं काय वाटणार. पहिला ग्लास भरून झाला आणि थोड्या वेळाने तो फ्रेंच माणूस ग्लास हातात घेऊन स्वयंपाकघरातच आला. पन्नाशीचा, उन्हाने भाजलेला, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. मला वाटलं, खाण्यात काहीतरी बिघडलं. त्याने ग्लास माझ्या नाकाशी धरला.

"काही येतंय?"

"नो, सर."

"मलाही येत नाही," तो म्हणाला. "फार थंड केलीस. बधिर झालीय बिचारी. मेलेली नाही हं, बधिर." मग त्याने तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, थंडीत लेकराचा हात धरावा तसा, आणि माझ्या ओट्याला टेकून उभा राहिला. "दहा मिनिटं. पंधरा. घाई करायची नाही. आत्ता हिच्याबद्दल काहीच ठरवायचं नाही. ती परत येते."

थांबल्या थांबल्या तो बोलत होता. शाब्ली गाव थंड आहे, तिथली जमीन एके काळी समुद्राचा तळ होती, द्राक्षाच्या वेलाखाली उकरलं तर मातीत कालवांची शिंपलं सापडतात. "तुला कुणी सांगितलं, हिच्याबरोबर कालवं द्यायची?"

"वास, सर. पूर्वी यायचा. माझ्या घराजवळच्या खडकाचा."

"घरी कोण आहे? बायको?"

"येस, सर," मी म्हटलं.

त्याने ग्लास हुंगला, डोळे मिटले आणि खूश होऊन बाहेर गेला. मी भांडी आवरली. आमच्याकडचा एक गृहस्थ दुसऱ्या दिवशीच्या बोटीने मुंबईला निघाला होता, तो तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेला मशिदीत भेटणार होता. अजून वेळ होता. साहेबाकडून मागून घेतलेला कागद मी ओट्यावर ठेवला, जिथे तो माणूस टेकून उभा होता तिथेच, आणि लिहिलं, "मंजूर आहे. मुलीला दोन घरं नकोत." खाली सही केली. मुलीचं नाव काय ठेवलंय हेसुद्धा विचारलं नाही. लिहायला मिनिटभर लागलं असेल.

पंधरा दिवसांनी दुसरी बोट होती. हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या बोटीपर्यंत थांबू शकलो असतो, कुणी माझ्या मानेवर सुरी धरली नव्हती. त्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून, माझ्या ओट्याला टेकून, एका दारूसाठी जे सांगितलं ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, तो वाइनबद्दल बोलतोय.

जानेवारीच्या अखेरीस खोक्यातली शेवटची बाटली संपली. दुपारची वेळ. साहेब आणि मडम बाहेर पडले होते, ग्लास टेबलावर तसेच राहिले होते, उघड्या खिडकीतून ऊन येत होतं. धुवायला म्हणून एक उचलला आणि तो वास आला. पूर्ण. कातळ, लिंबू, ओहोटी आणि तिचे हात. मी ग्लास नीट खाली ठेवला एवढं आठवतं. मग मडम परत आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो होतो आणि मला उठता येत नव्हतं. ती शेजारी खाली बसली.

त्याच आठवड्यात मी रुकय्याला लिहिलं, मी येतोय, माझी मुलगी मला हवी आहे. महिन्याने तिच्या हातचं उत्तर आलं. "तुम्ही मागितलीत तर नाही म्हणायचा मला हक्क नाही. नसीम तुमचीच आहे. फक्त ती आता माझा आवाज ओळखते. मी दुसऱ्या खोलीत बोलले तरी मान वळवते." मुलीचं नाव मला त्या पत्रात कळलं. त्यावर मी काही लिहिलं नाही. गेलोही नाही.

पुढे दुसरं लग्न झालं, मुलगा झाला, हा देश झाला, मी हॉटेलांत नोकऱ्या केल्या, म्हातारा झालो. त्या हिवाळ्याचं दुःख म्हणून वेगळं काढून दाखवावं असं माझ्याकडे फार नाही. जे काही वाटलं ते त्या एका दुपारी वाटलं. बाकी सगळा काळ मी ठीक होतो, आणि हे ठीक असणंच मला आता खटकतं. माणूस कोसळलेला असतो तेव्हा लोक त्याला काही ठरवू देत नाहीत. उभा असला, बटाटे सोलत असला, की त्याच्या हातात कागद देतात.

नसीम आता साठीची आहे. तिचा मुलगा इथेच दुबईत, इंटरनॅशनल सिटीत, तिघांबरोबर खोली घेऊन राहायचा. यंदा हिवाळ्यापुरता एक छोटा फ्लॅट भाड्याने घेऊन ती त्याच्याजवळ राहायला आलीय, त्याला घरचं जेवण मिळावं म्हणून. गेल्या शुक्रवारी दोन बस बदलून ती मला भेटायला आली. मावशीच्या नवऱ्याला आमच्यात खालू म्हणतात. आयुष्यभर ती मला तेच म्हणत आली, ईदला, लग्नात, फोनवर. घरातले सगळे दुपारचे बाहेर गेले होते. आम्ही दोघं दारात खुर्च्या टाकून बसलो होतो.

"खालू, एक विचारू?"

"विचार."

"माझी खाला कशी होती हो? झुबेदा खाला."

साठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझं दुसरं लग्न लवकर झालं, मग कोण विचारणार? मी बोलायला लागलो आणि थांबता येईना. ती कशी हसायची, अक्षर कसं वाकडं होतं, कालवं काढताना पाय घसरला की शिव्या कुणाला द्यायची. अर्धा तास तरी झाला असेल. शेवटी म्हणालो, "कपाळ अगदी तुझ्यासारखं," आणि जीभ चावली.

"ठाऊक आहे," नसीम म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "अम्मीने जाताना मला सगळं सांगितलं. बारा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

खाली कुणीतरी गाडी लावत होतं, मागे, पुढे, पुन्हा मागे. मला काहीतरी वाटायला हवं होतं आणि मी त्याची वाट बघत राहिलो. तीही बघत असावी. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"चहा टाकते," म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली आणि मागे वळली. "साखर किती घालू..." पुढचा शब्द तिच्या तोंडाशी येऊन थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

"...खालू?"

"एक चमचा," मी म्हटलं.